पानावरची न दिसणारी चौकट

छापून आलेल्या पानातली चूक डोळ्यांना सापडते. उशिरा का होईना, सगळ्या प्रती बांधून झाल्यावर का होईना, पण सापडते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असो, परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटीच जाऊन बसलेली असो, नाहीतर फोटोखाली भलत्याच माणसाचं नाव गेलेलं असो. पानं लावणाऱ्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर. मीही त्याच भरवशावर बरीच वर्षं काढली. पान जरा लांब धरायचं, डोळे बारीक करायचे, आणि कुठे काळं जास्त साचलंय, कुठे पांढरं ओघळलंय ते बघायचं. एवढं जमायला लागलं की डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावणं, आलं, असं आम्ही समजायचो.

हा भरवसा पहिल्यांदा हलला तो एका अहवालाच्या वेळी. दीडशेच्या वर पानं. छपाई नव्हतीच, नुसती पीडीएफ वाटायची होती. अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक ओळीवर लिंक हवी होती, म्हणजे ओळ दाबली की ते प्रकरण उघडेल. मी एकेका ओळीवर चौकट ओढली, प्रत्येकीला पान क्रमांक दिला, सगळ्या दाबून पाहिल्या. चोख. शेवटच्या दिवशी निरोप आला, सुरुवातीला ‘मनोगत’ घालायचं राहिलंय, अनुक्रमणिकेत त्याची एक ओळ वाढवा. कोऱ्या सोडलेल्या पानावर मनोगत नेमकं बसलं. ओळ वाढवली, आकडे जुळवले, पान पुन्हा एकदा लांब धरून पाहिलं आणि फाईल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी फोन. “ताई, चौथं प्रकरण दाबलं की पाचवं उघडतंय.”

मी अनुक्रमणिका उघडून नुसती बघत बसले. पानात काहीच चुकलेलं नव्हतं. ओळ चौथ्या प्रकरणाची, समोरचा आकडा चौथ्या प्रकरणाचा, अंतरं सारखी. बऱ्याच वेळानं डोक्यात उजेड पडला. मजकूर एक ओळ खाली सरकला होता, चौकटी मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. मनोगत दाबलं की पहिलं प्रकरण, पहिलं दाबलं की दुसरं, रांगेत प्रत्येकानं पुढच्याची टोपी घालावी तसं. शेवटची परिशिष्टाची ओळ बिचारी बोडकी. आणि हे सगळं इतक्या देखण्या पानावर की मुद्रितशोधकानं शंभरदा वाचलं असतं तरी त्याला ते दिसलं नसतं. चूक माझीच होती, पण ती डोळ्यांच्या हद्दीबाहेर घडली होती.

त्या रात्री पीडीएफच्या पोटात लिंक असते तरी कशी, ते शोधून वाचलं. इतकी वर्षं पीडीएफ बनवून हे माहीत नव्हतं याची थोडी लाजही वाटली. पीडीएफच्या लेखी पान आणि लिंक या दोन वेगळ्या वस्तू. अक्षरं, रेघा, चित्रं हे पानाचं अंग. लिंक ही पानावर वरून ठेवलेली टीप. वाचताना आपण ज्या पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवतो, शेरे मारतो, त्याच खात्यात लिंकही मोडते. टिपेत चार आकडे असतात: चौकटीचा एक कोपरा आणि त्याच्या समोरचा कोपरा, सहसा पानाच्या खालच्या डाव्या टोकापासून मोजलेले. माप इंचाचा ७२वा भाग, म्हणजे आमचा नेहमीचा पॉइंट. शिवाय दाबल्यावर कुठे जायचं, ते. संपलं. चौकटीखाली कोणता शब्द आहे, मुळात शब्द आहे की नाही, याची त्या टिपेला गंधवार्ता नसते.

आणखी एक गोष्ट कळली. चौकटीला कड हवी की नको हे सांगितलंच नाही, तर पीडीएफच्या नियमाप्रमाणे एक पॉइंट जाडीची कड येते. जुन्या पीडीएफमध्ये वेबसाइटच्या पत्त्यांभोवती काळ्या पेट्या दिसायच्या त्या म्हणजे हा नियम. मी त्यांना कायम नाकं मुरडत आले. लेटेक ही मजकूर मांडायची प्रणाली वापरणाऱ्यांच्या शोधनिबंधांत तर आजही लाल, हिरव्या, निळसर पेट्यांची जत्रा भरलेली असते. त्यांचं हायपररेफ नावाचं पॅकेज, काही सांगितलं नाही तर, लिंकांना अशा रंगीत कडा देतं. पडद्यावर दिसतात, छापताना गळून पडतात. कुरूप आहेत, पण खोटं बोलत नाहीत. आता मी स्वतः काम चालू असताना सगळ्या लिंकांना लाल कड ठेवते. पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये चौकट दिसणारी हवी की अदृश्य, असा पर्याय असतोच. फाईल जाण्याआधी शेवटची गोष्ट म्हणून कडा काढते. काढताना दर वेळी जरा धाकधूक होते.

लिंक कशाला बांधायची, यावर सॉफ्टवेअरांची दोन घराणी आहेत. एका घराण्यात ती शब्दाला बांधतात. इनडिझाइनमध्ये शब्द निवडायचे, हायपरलिंक्सच्या पॅनेलमधून त्यांना ठिकाण द्यायचं: वेबचा पत्ता, ईमेल, दुसरी फाईल, एखादं पान, नाहीतर मजकुरात रोवलेली खूण. लिंक मजकुराच्या धाग्यातच ओवली जाते. वर दहा ओळी घाला, परिच्छेद तीन पानं पुढे ढकला, ती शब्दाबरोबर जाते. चौकटीचे चार आकडे पीडीएफ काढताना तिथल्या तिथे मोजले जातात. दुसऱ्या घराण्यात लिंक ही पानावर ओढायची स्वतंत्र चौकट. स्क्रायबसमध्ये लिंकसाठी अशी चौकट आखून तिच्या गुणधर्मांत पत्ता भरायचा असतो. यात वाईट काही नाही. चित्रावर, नकाशावर, मुखपृष्ठाच्या एखाद्या कोपऱ्यावर लिंक द्यायची तर चौकटच बरी. पण मजकूर अजून हलतो आहे तोवर चौकटी ओढायच्या नाहीत, हे मी त्या फोननंतर शिकले. अनुक्रमणिका तर हातानं करायचीच नाही. शीर्षकांना स्टाईल नीट लावलेली असली की सॉफ्टवेअर ती स्वतः उभी करतं, आकडे घालतं आणि प्रत्येक ओळीची लिंकही देतं. मी ते करत नव्हते, कारण आपोआप आलेल्या अनुक्रमणिकेतली टॅबची अंतरं मला पसंत पडायची नाहीत. डोळ्यांचे लाड, दुसरं काय.

खरं तर पान आणि लिंक यांचं गोत्रच वेगळं. डीटीपी जन्मलं ते कागदासाठी. १९८५ साली मॅकिन्टॉश, लेझररायटर प्रिंटर, प्रिंटरला पान समजावून सांगणारी अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आणि आल्डस कंपनीचं पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर हे सगळं एकत्र आलं, आणि आल्डसच्या पॉल ब्रेनर्ड यांनी या कामाला ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हे नाव दिलं. पडद्यावर दिसेल तेच कागदावर उतरेल, हे त्याचं ब्रीद. लिंकची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. १९४५ साली व्हॅनेव्हर बुश यांनी एका लेखात असं यंत्र कल्पिलं होतं, ज्यात वाचणारा एका मजकुरापासून दुसऱ्यापर्यंत वाटा आखून ठेवील. १९६५ साली टेड नेल्सन यांनी ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द वापरात आणला. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी माऊस हातात धरून, मजकुरातल्या एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारून दाखवली. म्हणजे पेजमेकर बाजारात यायच्या १७ वर्षं आधी. या मंडळींच्या डोक्यात पान नव्हतंच. संगणकावर कागदाची नक्कल करण्याला नेल्सन तर पुढे सतत नावं ठेवत राहिले. मी त्यांच्या बाजूची नाही. मला पान आवडतं, त्याच्या चार कडा आवडतात. पण एका जागी ठरून बसलेल्या वस्तूवर ‘इथून निघा’ असं सांगणारी वस्तू ठेवायची म्हटल्यावर दोघींचं पटणार कसं, हे त्यांचं वाचल्यावर समजलं.

१९९३ साली पीडीएफ आलं आणि दोघींना एका छपराखाली राहावं लागलं. त्याच वर्षी मोझॅक या ब्राउझरनं निळ्या रंगाच्या, अधोरेखित लिंका घरोघर पोचवल्या. तो निळा आणि ती रेघ आजतागायत आमच्या मानगुटीवर आहे. इनडिझाइनमध्ये लिंक केली की ‘हायपरलिंक’ नावाची कॅरॅक्टर स्टाईल आपसूक तयार होते, निळी आणि अधोरेखित. रोमन अक्षरांखाली रेघ खपून जाते. देवनागरीत आधीच डोक्यावर शिरोरेषा असते, त्यात खालून दुसरी. ‘मुद्रण’ लिहा, ‘पूर्वसूचना’ लिहा, रेघ थेट उकारांच्या पोटातून जाते. उकार कुठला आणि रेघ कुठली, हे लहान टायपात कळेनासं होतं. यावर उतारा आहे: त्याच स्टाईलमध्ये रेघेची जाडी आणि अक्षरांपासूनचं अंतर बदलता येतं. मी रेघ अर्ध्या पॉइंटची करते आणि उकाराच्या खाली उतरवते, मग त्यासाठी ओळींमधली जागाही जरा वाढवते. रेघ सरळ काढून टाकून नुसता रंग ठेवावा, असाही मोह होतो. पण ज्यांना रंगांतला फरक नीट दिसत नाही त्यांच्यासाठी ती लिंक मग उरतच नाही. म्हणून रेघ राहू देते, कुरकुरत.

पत्ते हा वेगळाच ताप. तळटिपेतला लांबलचक वेबपत्ता ओळीत मावत नाही, तो तोडावा लागतो. शब्द तोडताना आपण संयोगचिन्ह देतो. पत्त्यात ते दिलं तर पत्ताच बदलला. वाक्याच्या शेवटी पत्ता आला की पूर्णविराम त्याला चिकटून आत शिरतो. टाइप करताना साध्या रेघेची सॉफ्टवेअर परस्पर लांब रेघ करून टाकतं, आणि दिसायला तसाच दिसणारा पत्ता कुठेच पोचत नाही. देवनागरीतला पत्ता असेल तर पुढची गंमत. ‘मराठी’ या शब्दात संगणकाच्या हिशेबानं पाच चिन्हं. कॉपी करून आणलेल्या पत्त्यात एकेका चिन्हाची टक्क्यांच्या खुणांनी भरलेली नऊ-नऊ अक्षरं होतात, म्हणजे एका शब्दाची ४५. असा पत्ता तळटिपेत ओतला की तीन ओळी अगम्य खडी पसरल्यासारखी दिसते. तिथे मी दिसणारा मजकूर आणि आतला पत्ता वेगळे ठेवते. वर वाचता येईल असं नाव, खाली चौकटीत ती सगळी खडी.

सगळ्यात जास्त फसवलंय मला ते पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या चांगुलपणानं. यातले काही प्रोग्रॅम पानावर वेबपत्त्यासारखं काही दिसलं की, लिंक नसली तरी, स्वतःहून तिथे लिंक धरतात. मी दाबून पाहिलं, उघडलं, खूश झाले. प्रत्यक्षात लिंक दिलीच नव्हती. दुसऱ्याच्या मशीनवर दुसरा प्रोग्रॅम, तिथे ढिम्म. आणि पत्ता दोन ओळींत तुटला असेल तर हे परोपकारी प्रोग्रॅम बऱ्याचदा पहिल्या ओळीचाच तुकडा उचलतात आणि वाचणाऱ्याला भलत्याच दारात नेऊन उभं करतात.

माझ्या स्वतःच्या मशीनवर तर आता माझा मुळीच विश्वास नाही. एकदा अहवालातून जोडपत्राच्या फाईलला लिंक दिली होती. माझ्याकडे टिचकीसरशी उघडायची. का नाही उघडणार? लिंकमध्ये माझ्याच डेस्कटॉपवरच्या फोल्डरचा पूर्ण रस्ता गेला होता. फाईल पाठवल्यावर जगातल्या इतर प्रत्येक संगणकाला माझा डेस्कटॉप शोधायचं काम लागलं.

आणि एक्सपोर्टच्या खिडकीतली ती टिक! छपाईसाठीची पीडीएफ काढताना हायपरलिंक्स सोबत घ्यायच्या की नाहीत हे वेगळं सांगावं लागतं. टिक करायची राहिली तर सगळ्या लिंका गळतात आणि पान तसूभरही वेगळं दिसत नाही. तुम्ही सगळं नीट केलंत, तरी पुढे कुणीतरी ‘फाईल जड आहे’ म्हणून ती उघडतं, प्रिंटच्या आज्ञेतून पुन्हा पीडीएफ करतं आणि पुढे पाठवतं. प्रिंट म्हणजे कागद, आणि कागदाला वरच्या टिपा कशाला हव्यात? त्या तिथेच राहतात. चार दिवसांची मेहनत एका टिचकीत जाते, आणि करणाऱ्याला आपण काही केलं हेही कळत नाही, कारण दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या तरी जुळ्या बहिणी.

हे सगळं सांभाळलं तरी लिंकचं दुसरं टोक आपल्या हातात नसतंच. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ साली मांडलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. त्याआधी हार्वर्डच्या अभ्यासकांना असं आढळलं होतं, की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या वेबपत्त्यांपैकी निम्मे मूळ मजकुरापर्यंत पोचत नाहीत. कायद्याच्या नामांकित नियतकालिकांत तर हे प्रमाण ७० टक्क्यांच्याही वर. न्यायालयाच्या निकालाची ही गत, तर माझ्या तळटिपांची काय कथा. शोधनिबंधाचा कायमचा डीओआय क्रमांक असला तर मी तोच देते, नाहीतर इंटरनेट आर्काइव्हमधली जपून ठेवलेली प्रत. पण लेखक मंडळींना मूळ पत्ताच आवडतो, तो ‘अस्सल’ वाटतो. तिथे मी फार वाद घालत नाही. एकच आग्रह धरते: लिंकखाली नुसतं ‘इथे पाहा’ नको, लेखाचं नाव, लेखक, तारीख मजकुरात दिसू द्या. लिंक मेली तरी निदान शोधणाऱ्याच्या हातात नाव राहील.

छापील प्रतीत तर ‘इथे पाहा’ला काहीच अर्थ नसतो. कागदावरची निळी अधोरेखित ओळ बोटानं कितीही दाबा. तिथे हल्ली क्यूआर कोड येतो. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांनी तो केला, मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवायला. त्यातली दुरुस्तीची पातळी सगळ्यात वरची ठेवली तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, म्हणून तर लोक मधोमध बोधचिन्ह ठोकून देतात. अखेर डोळ्यांना दिसणारी एक लिंक मिळाली, असं मला आधी वाटलं होतं. पण दिसते ती पेटी. आत काय आहे ते डोळ्यांना वाचता येतं का? दोन कोडांची अदलाबदल झाली तर मला पुन्हा फोनच यायचा.

फोन आलाच, पण वेगळा. त्याच अहवालाची पुढची आवृत्ती मी जुन्याच फाइलीवर केली होती. या वेळी अनुक्रमणिका आपोआप, लिंका शब्दांना बांधलेल्या, लाल कडा लावून दोनदा तपासलेल्या. पलीकडचे गृहस्थ अंध होते, फाईल स्क्रीन रीडरवर ऐकत होते. आधी त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, “ताई, मी लिंकांची यादी वेगळी काढून ऐकतो. तुमच्याकडे अकरा वेळा ‘अधिक माहिती’ आहे. कशाची, ते यादीत कळत नाही.” मी ओशाळले. आजूबाजूच्या वाक्याशिवाय लिंक ऐकायची वेळ कुणावर येत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी एक-एक लिंक टॅबनं ओलांडत मला ऐकवली. पान त्यांच्या कानात दोन स्तंभांचं नव्हतं, एकापाठोपाठ एक होतं. त्या रांगेत माझ्या चित्रावरची लिंक चित्राच्या कितीतरी आधी येऊन उभी होती.

“आणि एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “बाराव्या पानावर शेवटच्या तळटिपेनंतर काय आहे?”

मी पान उघडलं. “काही नाही. मोकळी जागा आहे.”

“तिथे ते नुसतंच ‘लिंक’ म्हणतं. पुढे नाव नाही, काही नाही.”

मी पान मोठं केलं. पांढरं. आणखी मोठं केलं, पडदाभर पांढरं. तिथे पहिल्या आवृत्तीत एक टीप होती, ती केव्हाच काढून टाकली होती. कड नव्हती, कारण ती चौकट मी लाल कडांची सवय लागायच्या आधी ओढलेली होती. फोन कानाला धरून मी माऊस सावकाश तळटिपेच्या खाली आणला, आणि त्या मोकळ्या जागेवर येताच बाणाचा हात झाला.